आधी आईचा घोट

माझा राग नाकावर असतो, हे सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाल्यापासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. वकिली सुरू करून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि फौजदारी बाजूला बाई वकील म्हणून मी एकटीच होते. बाररूममध्ये शिरले की गप्पांचा विषय बदलायचा. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होते ते आमचे सर म्हणायचे, “कोर्टात भांडायला ये, पण घरून भांडून येऊ नकोस.” मी त्यावरही भांडायचे.

सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाची केस सरांनी माझ्याकडे दिली, ती बहुधा मला गप्प बसवायला. कोर्टाने नेमून दिलेली केस, आरोपीकडून काही मिळण्यासारखं नव्हतं आणि निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. दुष्काळ कागदोपत्री संपला होता, पण त्या गावात अजून टँकर येत होता. एका सकाळी टँकर विहिरीशी येऊन थांबला, बायका घागरी घेऊन धावल्या, आणि हा तिशीचा माणूस गर्दीतून पुढे घुसला आणि त्याने टँकरचा कॉक उघडून सगळं पाणी रस्त्यावर सोडून दिलं. ड्रायव्हर त्याला ओढायला आला. त्याच्याच हातातला लोखंडी पाना हिसकावून याने त्याच्या डोक्यात घातला. ड्रायव्हर दीड महिना खाटेवर होता. तो वाचला, पण एका कानाने ऐकू येणं गेलं ते गेलंच. खुनाचा प्रयत्न म्हणून खटला सेशन्समध्ये आला. गावातला एकूण एक साक्षीदार त्याच्याविरुद्ध होता, आणि मी त्यांना दोष देत नाही. दोन दिवसांचं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत मातीत गेलं होतं.

त्याने ते का केलं, हे मला त्याच्या आईने सांगितलं. ती पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा बाकावर न बसता जमिनीवर बसली. काळीसावळी, काटक, कपाळावर गोंदण, आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेला एक पितळी तांब्या.

“पाण्यात इख हाय म्हनतो वो बाई. टँकरात पांढरी पावडर टाकत्यात न्हवं का, त्येचा वास येतो. त्याआदी आमची मेंढरं तळ्याचं पाणी पिऊन मेली. एकोनीस मेंढरं. तवापासनं त्येचं असं हाय.”

“मग त्या दिवशी?”

“समदं गाव इख पिऊन मरंल म्हनून सोडलं त्यानं. ड्रायव्हरबी मरंल म्हनून. त्यो ड्रायव्हर पाणी पीतच हुता की.”

मी चाट पडले. गाव वाचवायला निघालेल्या माणसाने गावाचं पाणी ओतलं होतं आणि ज्याला वाचवायचं त्याचंच डोकं फोडलं होतं.

कायद्यात अशा माणसासाठी एक वाट होती. आरोपीला खटला समजतो आहे का, आपला बचाव करण्याइतकी त्याची बुद्धी ठिकाणावर आहे का, याची खटला चालवण्याआधी न्यायाधीशांनी स्वतः खात्री करून घ्यायची. नसेल तर खटला थांबवायचा. मग त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं, किंवा कुणी नातेवाईक नीट सांभाळण्याची, कुणाला इजा होऊ न देण्याची आणि बोलावलं की हजर करण्याची हमी देत असेल तर त्याच्या ताब्यात द्यायचं. ही वाट होती, पण तिच्यावरून जाताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, “अर्ज कर. पण न्यायाधीशांना त्याचं वेड दिसलं पाहिजे. आपल्याला ठाऊक असून उपयोग नाही.”

आणि त्याचं वेड दिसत नव्हतं. मी त्याला भेटायला जेलमध्ये गेले तेव्हा तो शांत उभा होता, मान खाली. विचारलं त्याचं उत्तर देत होता. आई सोबत होती. तिने शिपायाला हात जोडून आत आणलेला तांब्या फडक्यातून सोडला, फुलपात्रात पाणी ओतलं, अर्धं स्वतः प्याली आणि त्याच्यासमोर थांबली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. डोळे, ओठ, गळा. बराच वेळ. मग त्याने उरलेलं पाणी घटाघट प्यायलं. शिपाई म्हणाला, “रोजचं आहे हे, बाई. ती नसली की बराकीतला एक म्हातारा कैदी आधी पितो. नाहीतर हा दोन-दोन दिवस तसाच राहतो.”

मी अर्ज केला. सरकारी डॉक्टरांनी त्याला दहा दिवस तपासलं आणि साक्षीत सरळ सांगितलं की याला भ्रम आहे, पण तो एकाच जागी आहे. पाण्याचा विषय नसेल तर हा तुमच्याआमच्यासारखा बोलेल. सरकारी वकिलांनी विचारलं, “म्हणजे आपण काय करतो ते याला कळतं?” डॉक्टर म्हणाले, “बऱ्याच गोष्टी कळतात.” सरकारी वकील समाधानाने खाली बसले. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली आणि म्हणाले, “त्या दिवशी मी स्वतः त्याच्याशी बोलेन. मग ठरवू.”

आता सगळं त्या एका बोलण्यावर होतं. न्यायाधीशांना तो शहाणा वाटला तर खटला चालणार होता, गावाच्या साक्षी होणार होत्या आणि तो वर्षानुवर्षं आत जाणार होता. जेलमध्ये त्याच्यासाठी जन्मभर आधी पाणी पिणारं कुणी मिळणार नव्हतं. मी आईला बाहेरच्या लिंबाखाली गाठलं आणि घाईघाईत सांगितलं, “पुढच्या तारखेला मोठे साहेब याला प्रश्न विचारणार आहेत. फार महत्त्वाचं आहे.” ती म्हणाली, “बरं बाई.” पुढे काही सांगायचं मला सुचलं नाही. दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला होता, मी पळाले. एवढीच माझी चूक, आणि ती मी अजून गिळू शकलेले नाही.

तारखेच्या दिवशी पोलिसांनी त्याला आणलं आणि मी ओळखलंच नाही. दाढी गुळगुळीत. केसांना तेल, मधोमध भांग. पांढराशुभ्र सदरा, नवं धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. शेजारी आई आणि माढ्याहून आलेला मामा उभे होते. मामाही धुतलेल्या कपड्यांत. आईचा चेहरा अभिमानाने उजळला होता.

“आठ दिस भेटीला जाऊन शिकवलं बाई,” ती म्हणाली. “नाव काय, गाव कुटलं, आज वार कुटला. समदं बोलतो बगा. आन् शेवटाला हात जोडून म्हनायचं, चुकी झाली सायेब, परत न्हाय करनार. कोन काय बी करू दे, गप हुबा ऱ्हा म्हनलंया.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणे मुलगी बघायला यावेत तशी तिने त्याची तयारी केली होती. तिच्या लेखी कोर्ट म्हणजे चांगल्या घरचा माणूस आपण चांगल्या घरचा आहोत हे दाखवायला जातो ती जागा. मोठा माणूस प्रश्न विचारणार, तर पोरगं घाणेरडं, तोंड वेंगाडून कसं जाईल? तिच्या जागी माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. पण तेव्हा मला हे कुठलं सुचायला! मी तिच्यावर ओरडले. “काय करून ठेवलंत हे? तो शहाणा दिसला तर तुरुंगात जाईल! कळतं का तुम्हाला काही?”

तिचा चेहरा विझला. “मंग काय येड्यावानी करून आनायचा व्हता काय माज्या लेकराला?” ती म्हणाली. आणि पुकारा झाला.

सर त्या दिवशी पंढरपूरच्या कोर्टात अडकले होते. मी एकटी होते. मार्चचा शेवट, बाराची वेळ, पंखा नुसता कुरकुरत होता. न्यायाधीश निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे, सगळं स्वतःच्या हाताने लिहून घेणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्म्यावरून आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं आणि नाव विचारलं. त्याने सांगितलं. गाव विचारलं. सांगितलं. वार? “गुरवार, सायेब.” ही जागा कसली? “सेशन कोरट.” या बाई कोण? त्याने माझ्याकडे पाहिलं. “माज्या वकीलबाई. माज्यासाटी बोलत्यात.”

दाराशी उभ्या असलेल्या आईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

“तुझ्यावर काय आरोप आहे, माहीत आहे?”

“टँकरवाल्याला मारलं, सायेब.”

“का मारलंस?”

आता तरी पाण्याचं निघेल. त्याचे हात कठड्यावर घट्ट झाले. मग त्याने हात जोडले. “चुकी झाली, सायेब. परत न्हाय करनार.”

सरकारी वकील माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. माझं धाबं दणाणलं. त्याने गुन्हाच कबूल केल्यासारखं झालं होतं, तेही इतक्या अदबीने की एखाद्या मुख्याध्यापकाने पाठ थोपटावी. मी उठून डॉक्टरांची साक्ष पुन्हा वाचून दाखवली, जेलच्या शिपायाचं सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, “वाचलंय मी ते. पण मला समोर जो दिसतो, त्याचाही विचार केला पाहिजे.” त्यांनी पेन उचललं. ते लिहू लागले की काही उरणार नव्हतं.

कोपऱ्यात माठ होता. मी पट्टेवाल्याला म्हणाले, “जरा पाणी द्या.”

मला तहान लागली नव्हती.

म्हाताऱ्या पट्टेवाल्याने काचेचा पेला भरून आणला. मी तो घेतला आणि पिंजऱ्याच्या बाजूला वळून उभी राहिले, त्याला नीट दिसेल अशी. त्याची नजर पेल्यावर आली आणि तिथेच अडकली. मी पेला वर नेला आणि थांबले. तो दाराकडे बघू लागला. आईने तिथून मान हलवली: गप. तो गप राहिला. कपाळावरचा बुक्का घामाने ओघळून नाकावर आला होता. आठ दिवसांची शिकवण तो दातओठ खाऊन पाळत होता. मला दिसत होतं ते. दिसत असूनही मी पेला ओठाला लावला आणि एक घोट घेतला.

“बाई, पिऊ नगा!”

पिंजऱ्याचं दार कसं उघडलं, पोलीस काय करत होते, मला आठवत नाही. पेला उडून फरशीवर फुटला. त्याने माझा जबडा धरला होता आणि दोन बोटं माझ्या तोंडात घातली होती. “थुका बाई, थुका! इख हाय त्यात! थुका!” तो रडत होता. माझा ओठ फाटला, टोपी त्याच्या पायाखाली चुरगाळली. दोन पोलिसांनी त्याला मागे ओढलं, एकाने मानेवर हात टाकून खाली दाबलं, आणि फरशीवर तोंड घासत असतानाही तो ओरडत होता, “बाई मरत्याल! आरं कोन तरी बगा की, बाई मरत्याल!”

सरकारी वकील ओरडले, “नाटक आहे हे, साहेब! पढवलेलं!”

तेवढ्यात आई आत आली. तिला कुणी अडवलं नाही. ती माझ्याकडे न बघता माठापाशी गेली, पट्टेवाल्याच्या हातातलं माठाचं वाटगं ओढून घेतलं, भरलं, आणि लेकापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. तिने अर्धं पाणी प्यायलं.

“बग,” ती म्हणाली. “म्या पिले. म्या हाय.”

न्यायाधीशांनी हात वर करून पोलिसांना थांबवलं. पोलिसांची पकड सैल झाली. तो धापा टाकत उठून बसला आणि तिच्या तोंडाकडे बघू लागला. डोळे, ओठ, गळा. अख्खं कोर्ट उभं होतं. बाहेर कुठेतरी टाइपरायटर वाजत होता, तोही थांबला. मग त्याने तिच्या हातून वाटगं घेतलं आणि उरलेलं पाणी प्यायलं. त्याचे खांदे उतरले. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

“हे तुम्ही रोज करता?” न्यायाधीशांनी विचारलं.

“व्हय सायेब. तीन साल झाली.”

“दिवसातून किती वेळा?”

“त्येला तहान लागंल तितक्यांदा.”

“आणि तुम्ही नसता तेव्हा?”

तिला प्रश्नच कळला नाही. “म्या असती की,” ती म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ओठाला रुमाल लावून उभी होते.

“वकीलबाई, तुम्हाला तहान लागली होती?”

मी त्या कोर्टात आणि नंतरच्या सगळ्या वर्षांत कुणा न्यायाधीशांशी खोटं बोलले असेन तर ते तेव्हा एकदाच. “हो साहेब,” मी म्हणाले. ते आणखी क्षणभर बघत राहिले. त्यांना कळलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. मग त्यांनी चष्मा लावला आणि लिहायला घेतलं.

चार दिवसांनी हुकूम झाला. आरोपी स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ, खटला थांबवावा. सरकारी वकिलांनी त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याचा आग्रह धरला होता आणि त्यात चूक काही नव्हतं. ड्रायव्हरचा कान कुणी परत देणार नव्हतं. पण न्यायाधीशांनी लिहिलं होतं की याला शांत ठेवू शकणारी व्यक्ती या कोर्टाने प्रत्यक्ष पाहिली आहे. आईने हमीपत्रावर अंगठा उठवला. मामा जामीन राहिला. गाव त्यांना थारा देणार नव्हतं, म्हणून त्यांनी माढ्याला मामाच्या वस्तीवर राहायचं, दर महिन्याला सरकारी डॉक्टरांकडे यायचं, आणि वस्तीवर टँकर येईल त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही, असं सगळं त्यात होतं.

सरांनी माझी पाठ थोपटली. बाररूममध्ये पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले नाही. मला कुणाशी भांडावंसंही वाटत नव्हतं.

त्यांना निरोप द्यायला मी एसटी स्टँडवर गेले. खरं तर मला माफी मागायची होती, आणि ती कशी मागतात हे मला कधीच जमलेलं नाही. माढ्याची गाडी लागायची होती. मामा तिकिटाच्या रांगेत होता. तिचा लेक बाकावर बसला होता, आपल्या जुन्या मळक्या सदऱ्यात, मान खाली घालून. त्या तारखेच्या दिवसापासून आई माझ्याशी अक्षर बोलली नव्हती. आता ती बोलली.

“बरं झालं बाई. तुमी सोडवलं त्येला. म्या इसरायची न्हाय.” मग म्हणाली, “पर त्यानं त्या दिशी लई जोर लावला हुता गप ऱ्हायला. म्या बगत हुते. कुनाचं इतकं ऐकलं न्हवतं त्यानं जन्मात.”

“मीही बघत होते,” मी म्हणाले. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला.

तिने फडक्यातला तांब्या काढला, फुलपात्र भरलं आणि माझ्यापुढे धरलं. उन्हातून चालत आले होते, घसा कोरडा पडला होता. मी हात पुढे केला.

“थांबा बाई.”

तो उठून उभा राहिला होता. त्याने माझं मनगट धरलं, अगदी हलकेच. ज्या हाताने मी पेला उचलला होता, तोच हात. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग शोधला मी. नव्हता. नुसती काळजी होती.

“आदी आय,” तो म्हणाला.

आईने फुलपात्र स्वतःकडे घेतलं आणि अर्धं प्याली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. डोळे, ओठ, गळा. रांगेतली माणसं वळून बघायला लागली होती. मग त्याने माझं मनगट सोडलं.

“प्या आता,” तो म्हणाला, आणि शेवटचा घोट माझ्या घशाखाली उतरेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.